डोळ्यांच्या कोपऱ्यांतील सुरकुत्या

आरशांत पाहतांना मनुष्याची दृष्टि प्रथम स्वतःच्या डोळ्यांकडे जाते. त्यामुळें वार्धक्याची पहिली खूण बहुधा त्याच ठिकाणीं सांपडते. केंस पांढरे झाले तर त्यांस कलप लावतां येतो, दांत पडले तर दुसरे बसवितां येतात. परंतु डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे पसरत जाणाऱ्या तीन-चार बारीक रेषा कोठें लपवाव्या, हा प्रश्न पस्तिशी-चाळिशी उलटलेल्या पुष्कळ स्त्रियांस, आणि ते कबूल करीत नसले तरी पुष्कळ पुरुषांसही, पडत असतो. संस्कृतांत ह्या कोपऱ्यास अपांग म्हणतात. त्या अपांगाची स्तुति करण्यांत कविमंडळींनीं शाई थोडी खर्च केलेली नाहीं. तेथें पुढें पडणाऱ्या वळ्यांविषयीं मात्र ते बहुधा मौन पाळतात. इंग्रज लोकांनीं ह्या रेषांस कावळ्याच्या पावलाची उपमा दिली आहे. कावळा हा आपल्याकडे पितरांचा दूत असल्यामुळें ती उपमा आम्हांस अंमळ अशुभच वाटते. तथापि ती हुबेहूब आहे, हें नाकारतां येत नाहीं.

विषय क्षुल्लक आहे असें म्हणून पान उलटूं पाहणाऱ्या वाचकांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं क्षणभर थांबावें. ज्या दोन बोटें रुंदीच्या जागेविषयीं आम्ही लिहीत आहों, तिच्या अगदीं लगत डोळा आहे. सुरकुती घालविण्याच्या नादांत ज्या वस्तु आज दुकानांतून आणि मोबाइलवरील जाहिरातींच्या वाटेनें घरोघर येत आहेत, त्यांपैकीं कांहीं निरुपयोगी, कांहीं महाग असून निरुपयोगी, आणि कांहीं तर डोळ्यांस प्रत्यक्ष अपायकारक आहेत. उलट ज्या साधनांनीं ह्या रेषा खरोखर लांबणीवर पडतात, तीं आपल्या घरांत खुंटीला टांगलेलीं किंवा टेबलाच्या खणांत पडलेलीं असतात.

प्रथम सुरकुती पडते कशी तें पाहूं. पापणीची त्वचा ही सबंध शरीरांतील सर्वांत पातळ त्वचा होय. तळपायाचें कातडें जर कांबळें म्हटलें, तर ही तलम मलमल आहे. तिच्याखालीं चरबीचा थर जवळजवळ नसतो, आणि तिला स्निग्धता देणाऱ्या ग्रंथीही थोड्या. ह्या त्वचेच्या पोटाशीं, डोळ्याभोंवतीं कड्यासारखा असा एक स्नायु आहे. डोळे मिटणें, उजेडांत ते बारीक करणें आणि हसतांना त्यांचे कोपरे चुणणें, हीं तिन्ही कामें त्याचीं. तो आंखडला कीं वरच्या त्वचेस घडी पडते. लहानपणीं ही घडी क्षणांत उकलते, कारण त्वचेंत कोलॅजन नांवाचे बळकट तंतु व इलॅस्टिन नांवाचे लवचिक तंतु यांचें जाळें असतें. जाळें विरलें म्हणजे घडी उकलत नाहीं. नव्या कोऱ्या कागदावर दुमड बसण्यास वेळ लागतो. जुन्या पोथीचें पान एकदां दुमडलें तरी पुरे होतें.

हें जाळें वयानें विरतें, आणि त्यास इलाज नाहीं. वाग्भटानें आयुर्वेदाचीं जीं आठ अंगें सांगितलीं, त्यांत जरा हें एक स्वतंत्र अंग धरलें आहे. च्यवन ऋषींस अश्विनीकुमारांनीं तारुण्य परत दिल्याची कथा आणि त्यांच्या नांवाचा अवलेह हीं तर सर्वांच्या परिचयाचीं आहेत. तो अवलेह आमच्या घरीं दर हिवाळ्यांत येतो व आम्ही तो आवडीनें खातों, परंतु त्यानें अपांगाची एकही रेष कमी झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. स्त्रियांमध्यें रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत हे तंतु विशेष वेगानें घटतात, म्हणून पन्नाशीच्या सुमारास सुरकुत्या एकाएकीं वाढल्यासारख्या वाटतात. त्यांत त्या बाईच्या हातून कांहीं हयगय झाली, असें समजूं नये.

परंतु वयाच्या नांवावर आपण ज्या सुरकुत्या मांडतों, त्यांतील मोठा हिस्सा वस्तुतः उन्हाचा असतो. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे जे अतिनील किरण आहेत, त्यांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोंचतात. एक प्रकार त्वचा पोळतो. तो खिडकीच्या कांचेनें बव्हंशीं अडतो. दुसरा अधिक खोल शिरतो, पोळल्याची जाणीव देत नाहीं, ढगांतून व साध्या कांचेंतूनही येतो, आणि आंत कोलॅजनचें जाळें तोडीत राहतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन ह्या वैद्यकीय नियतकालिकांत २०१२ सालीं शिकागोच्या डॉक्टरांनीं एका ६९ वर्षांच्या गृहस्थाचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. ह्या गृहस्थांनीं २८ वर्षें मालाची मोटार चालविली होती. अमेरिकेंत चालक डावीकडे बसतो, त्यामुळें खिडकींतून येणारें ऊन त्यांच्या डाव्या गालावर पडे. छायाचित्रांत उजवा अर्धा चेहरा त्यांच्या वयास शोभेलसा आहे. डावा अर्धा, विशेषतः डोळ्याखालीं, खोल सुरकुत्यांनीं व जाड वळ्यांनीं भरलेला आहे. मनुष्य एक, वय एक, खाणेंपिणें एक. भेद तेवढा उन्हाचा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढें मोटारवाल्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसरा पुरावा ऑस्ट्रेलियाचा. क्वीन्सलंड प्रांतांत नॅम्बूर येथें १९९२ पासून १९९६ पर्यंत एक प्रयोग झाला, व सुरकुत्यांविषयींचा त्याचा निष्कर्ष २०१३ सालीं बाहेर आला. ५५ वर्षांखालील ९०३ माणसांपैकीं कांहींस ऊन अडविणारें मलम रोज लावावयास सांगितलें, इतरांस आपल्या मर्जीप्रमाणें वागूं दिलें, आणि सर्वांच्या हाताच्या पाठीच्या त्वचेचे ठसे घेऊन ते ताडून पाहिले. साडेचार वर्षांनीं रोज लावणाऱ्यांच्या त्वचेंत वार्धक्याची वाढ दिसून आली नाहीं. दुसऱ्या गटांत दिसली. हाताची त्वचा ती डोळ्याची त्वचा नव्हे हें खरें. परंतु ऊन एकच आहे.

ह्या बाबतींत आपले पूर्वज अगदींच अनभिज्ञ नव्हते. अतिनील किरण त्यांस ठाऊक नव्हते, पण ऊन ठाऊक होतें. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत दिनचर्येचे नियम सांगतांना छत्रधारणाचे गुण स्वतंत्रपणें दिले आहेत, आणि वाग्भटानेंही घराबाहेर पडतांना छत्री व पादत्राण असावें असें सांगितलें आहे. पादत्राणाचा नियम आपण पाळला. छत्री मात्र ज्येष्ठांत काढावयाची व आश्विनांत माळ्यावर टाकावयाची वस्तु होऊन बसली. वैशाखाच्या उन्हांत छत्री उघडून चालणाऱ्या पुरुषाकडे लोक अजूनही हसून पाहतात. पुरुषांच्या शिरोवस्त्राचाही ह्या कामीं कधीं उपयोग नव्हता. पगडी, पागोटें, रुमाल, टोपी यांनीं मस्तकाची प्रतिष्ठा राखली, परंतु यांपैकीं एकासही डोळ्यांवर सावली पाडील असा कांठ नव्हता.

स्त्रियांची गोष्ट ह्याहून वेगळी नाहीं. डोकीवरचा पदर कपाळ झांकतो, डोळे झांकीत नाहीं. चैत्रापासून वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत पापड, कुरडया, सांडगे, आंबोशी यांचें वाळवण गच्चीवर घालणें, तें कावळ्यांपासून राखणें, उलथणें आणि दिवेलागणीपूर्वीं गोळा करणें, हें ज्यांनीं तीस-चाळीस वर्षें केलें, त्यांच्या डोळ्यांचे कोपरे पाहावे. पांढऱ्या धोतरावर पसरलेल्या पांढऱ्या कुरडयांवरून उलटून येणारें ऊन पदराखालूनही डोळ्यांत शिरतें. आमच्या दोन आत्यांपैकीं थोरल्या आत्या वाळवणांत पटाईत. धाकट्यांस लहानपणापासून उन्हाचा त्रास होई, म्हणून त्या माजघरांत बसून पीठ मळून देत. सत्तरीला पोंचल्यावर दोघींत पंधरा वर्षांचें अंतर असावें असें पाहणारास वाटे. वास्तविक तें दोन वर्षांचें होतें. एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये, हें आम्ही जाणतों. परंतु शिकागोचें छायाचित्र पाहतांच आम्हांस ह्या दोघींची आठवण झाली.

पुण्याच्या रस्त्यांवरून दुचाकी चालविणाऱ्या मुली तोंडाभोंवतीं ओढणी गुंडाळून जातात, आणि त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा होते. आम्हांस त्यांत थट्टेचें कांहीं दिसत नाहीं. मात्र ज्या जागेस संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, नेमकी तेवढीच जागा त्या उघडी ठेवतात! ओढणीबरोबर डोळ्यांवर मोठा काळा चष्मा असेल, तर ती व्यवस्था आमच्या मतें निर्दोष आहे.

उन्हाच्या खालोखाल दोष डोळे बारीक करण्याच्या संवयीचा. मराठींत वाचावयाच्या चष्म्यास चाळिशी हें नांव आहे, आणि ह्या नांवानेंच पुष्कळ नुकसान केलें आहे, असें आमचें मत आहे. दुसऱ्या कोणत्याही उपकरणाचें नांव घेतांच घेणाराचें वय जाहीर होत नाहीं. वयाच्या चाळिशीच्या सुमारास डोळ्यांतील भिंग ताठर होऊं लागतें, व जवळचें अक्षर स्पष्ट दिसेनासें होतें. हा रोग नव्हे. राजापासून रंकापर्यंत सर्वांस हें होतें. तरीही वर्तमानपत्र हातभर लांब धरणें, सुई ओंवण्यासाठीं मुलांस हांक मारणें, तांदूळ निवडण्यास दाराशीं जाऊन बसणें, औषधाच्या बाटलीवरील अक्षरें दिव्याखालीं नेऊन वाचणें, अशा युक्त्यांत चार-पांच वर्षें सहज जातात. त्या सर्व काळांत तो कड्यासारखा स्नायु दिवसांतून शेंकडों वेळां आंखडत असतो. म्हातारपण दिसेल म्हणून जो चष्मा टाळावयाचा, तो टाळण्यानेंच कोपऱ्यांत म्हातारपण लिहिलें जातें.

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत शिकविलें. फळ्याकडे डोळे बारीक करून पाहणारें मूल दिसलें कीं आम्ही त्याच्या पालकांस चिठ्ठी पाठवीत असूं, आणि बहुधा त्या मुलास चष्मा लागे. शिक्षकांच्या खोलींत मात्र पन्नाशीचे गृहस्थ उत्तरपत्रिका लांब धरून, कपाळास आंठ्या घालून तपाशीत. त्यांच्या घरीं चिठ्ठी पाठविणारा कोणी नसे. घरांतील ज्या बाईची मान पोथी किंवा मोबाइल वाचतांना मागें जाऊं लागली असेल, तिला ह्याच महिन्यांत डोळे तपासून घेण्यास लावावें. वाचावयाचा साधा चष्मा कोणत्याही नांवाजलेल्या क्रीमपेक्षां स्वस्त पडतो, आणि तो वर्षांनुवर्षें टिकतो.

तंबाखूच्या धुराविषयीं थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील हॅरी डॅनिएल ह्या डॉक्टरांनीं १९७१ सालीं डोळ्यांच्या कोपऱ्यांतील ह्याच रेषांचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, सारख्या वयाच्या माणसांत सिगारेट ओढणारांच्या रेषा ठळकपणें अधिक असतात. पुढील अभ्यासांनींही त्यास दुजोरा दिला. डोळे चोळण्याची संवयही वाईट. रात्रीं काजळ काढतांना पदराचें टोंक खरखरीत घासणाऱ्या भगिनींनीं त्याऐवजीं तेलाचा बोळा हळूच फिरवावा.

आतां हसण्याविषयीं. हसल्यानें सुरकुत्या पडतात म्हणून बेतानें हसावें, असा उपदेश करणारे लोक निघाले आहेत. घडी पडते हें खरें. परंतु तिचें मोल पाहिलें पाहिजे. ड्यूशेन नांवाच्या फ्रेंच वैद्यानें चेहऱ्याच्या एकेका स्नायूस विजेनें चेतवून त्याचें कार्य पाहिलें, आणि १८६२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें नोंदविलें कीं, ओंठांचे कोपरे मनुष्य इच्छेस येईल तेव्हां उचलतो, पण डोळ्याभोंवतालचा हा स्नायु खऱ्या आनंदावांचून सहसा साथ देत नाहीं. छायाचित्रांतील जें हसूं आपणांस उगीचच खोटें वाटतें, त्याचें कारण हेंच. ओंठ हसतात आणि अपांग स्वस्थ असतो. नातवंडें ज्या आजीच्या तोंडाकडे पाहून तिचा राग खरा कीं लटका हें ताडतात, तीं हेंच ठिकाण पाहत असतात. येथील रेषा पुसण्याच्या खटपटींत आम्हांस तरी कांहीं अर्थ दिसत नाहीं.

पडलेल्या सुरकुत्यांवर उपाय आहेत काय, असें वाचक विचारतील. घरगुती उपायांचें सामर्थ्य मर्यादित आहे. त्वचा कोरडी असली कीं बारीक रेषा अधिक दिसतात. तिला तीळतेल, साय किंवा साधें व्हॅसलीन यांचा पातळ हात लावला तर त्या कांहीं तास मिटल्यासारख्या होतात. महागड्या डब्यांतील पुष्कळशा क्रीमांचें कर्तृत्वही एवढेंच असतें. काकडीच्या थंड चकत्यांनीं सूज उतरते, सुरकुती नाहीं. लिंबाचा रस डोळ्यांजवळ नेऊंच नये. दिवाळीचें उटणें अंगास उत्तम, परंतु तें पापण्यांवर रगडण्यासाठीं नव्हे.

वैद्यकीय उपायांत ज्याची परीक्षा झाली आहे, असें एक औषध म्हणजे अ जीवनसत्त्वापासून निघालेलें ट्रेटिनॉइन. फिलाडेल्फियाचे डॉक्टर क्लिग्मन यांनीं उन्हानें जीर्ण झालेल्या त्वचेवरील त्याचा उपयोग १९८६ सालीं मांडला. १९८८ सालीं मिशिगनमध्यें ३० माणसांच्या एका हातास औषध व दुसऱ्या हातास औषधावांचूनचें तेंच मलम असें १६ आठवडे लावून पाहिलें, तेव्हां औषधाच्या बाजूस फरक स्पष्ट दिसला. मात्र तें रात्रींच, अत्यल्प प्रमाणांत व महिनोन्महिने लावावें लागतें. त्यानें त्वचा सोलते, ऊन अधिक बाधतें, आणि गर्भवतीनें तें वापरूं नये. डोळ्यांजवळ तें त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यावांचून लावणें योग्य नाहीं.

दुसरा उपाय सुईचा. त्याचा उगम ऐकून शाकाहारी वाचकांस किळस येईल. बिघडलेल्या सॉसेजांतून होणाऱ्या विषबाधेचें सविस्तर वर्णन युस्टिनुस केर्नर ह्या जर्मन वैद्यानें १८२२ सालीं केलें. हा वैद्य कविही होता. त्या विषाचें बोटुलिनम हें नांव सॉसेज ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडलें. तें स्नायूस निश्चेष्ट करतें. पुढें तिरळेपणा व पापण्यांचे आंचके यांवर तें अत्यल्प प्रमाणांत देऊं लागले, आणि कॅनडांतील व्हँकूव्हर येथें कॅरदर्स ह्या डॉक्टर दांपत्याच्या ध्यानांत आलें कीं, अशा रोग्यांच्या सुरकुत्याही मिटतात. त्यांचा निबंध १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या कोपऱ्यांसाठीं अमेरिकेंत त्यास २०१३ सालीं मान्यता मिळाली. त्याचा परिणाम सुमारें तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई. जाणत्या डॉक्टरांच्या हातून तो उपाय बव्हंशीं निर्धोक आहे. परंतु घरगुती समारंभापूर्वीं ब्यूटी पार्लरांत कोणाच्याही हातून टोंचून घेण्याची ती वस्तु नव्हे.

ज्या गोष्टीसाठीं आम्ही मुख्यतः लेखणी उचलली, ती आतां सांगतों. आमच्या एका पुतणीनें घरांतील लग्नापूर्वीं एका दुकानांतून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून, एक लहानशी नळी आणली. दुकान कोणतें व गांव कोणतें, हें सांगण्याचें कारण नाहीं. महिन्याभरांत डोळ्यांभोंवतालची त्वचा गुळगुळीत व उजळ झाली, आणि सर्वांनीं तिची वाखाणणी केली. तिसऱ्या महिन्यांत पापण्या लाल होऊन चुरचुरूं लागल्या. कातडें इतकें पातळ झालें कीं आंतील बारीक शिरा दिसूं लागल्या. लावणें थांबवितांच लाली दुप्पट होई, म्हणून ती पुन्हा लावी. शेवटीं दिव्यांभोंवतीं वलयें दिसूं लागलीं, तेव्हां ती नेत्रवैद्यांकडे गेली. डोळ्यांतील दाब वाढला होता. त्या नळींत तीव्र स्टेरॉइड होतें.

स्टेरॉइड हें वाईट औषध नव्हे. योग्य रोगांत तें मोठें उपकारक आहे. पण पापणीवर तें महिनोन्महिने लावलें असतां त्वचा विरते, आणि तें डोळ्यांत उतरून कांचबिंदु किंवा मोतीबिंदु होऊं शकतो. कांचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. केंद्र सरकारनें २०१८ सालीं त्वचेवर लावावयाचीं अशीं चौदा औषधें अनुसूची एचमध्यें घालून तीं चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. तरी कोणाच्या सांगण्यावरून तीं घरांत येतात, व मग एका नळीवर तीन घरें चालतात. वाचकांनीं आपल्या घरांतील नळ्यांवरचीं बारीक अक्षरें चाळिशी लावून वाचावीं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकीं नांव दिसलें, आणि तें डॉक्टरांनीं तुमच्यासाठीं लिहून दिलेलें नसलें, तर तें तोंडास लावूं नये. जें पुष्कळ दिवस लावलें आहे, तें एकाएकीं न टाकतां डॉक्टरांस दाखवून बंद करावें. आमच्या पुतणीचा दाब औषध थांबल्यावर उतरला. दर सहा महिन्यांनीं ती अजून तपासून घेते.

राहतां राहिला काळा चष्मा. ऊन अडविणारें मलम घामाबरोबर डोळ्यांत उतरून झोंबतें, म्हणून पापण्यांवर त्याचा उपयोग बेताचाच. तेथें चष्म्याचेंच काम. परंतु नुसता काळा रंग अतिनील किरण अडवीत नाहीं. उलट कांच काळी असल्यामुळें बाहुली मोठी होते, आणि कांच अडविणारी नसेल तर किरण अधिकच आंत शिरतात. म्हणून चष्म्यावर ४०० हा आंकडा आहे कीं नाहीं तें पाहावें; त्याचा अर्थ, ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ती कांच अडविते. रंग फिकट असला तरी चालेल, मात्र कांच रुंद असावी व दांड्या कानशिलाकडे रुंद असाव्या, म्हणजे ऊन बाजूनें शिरत नाहीं. ज्यांस दूरचा किंवा वाचावयाचा चष्मा आहेच, त्यांच्या बिनरंगी कांचेसही हा गुण देतां येतो. चष्मेवाल्यांपैकीं कांहींजणांकडे कांच तपासण्याचें लहानसें यंत्र असतें. पैसे देण्यापूर्वीं आपल्यासमोर तपासून दाखवा, असें म्हणण्यास संकोच करूं नये.